पिंपरी-चिंचवडच्या बागा आणि जुन्या खुणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरात नव्याने राहायला आलेली मंडळी सकाळी टेकडीवर फिरताना, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, शाळेच्या फाटकापाशी भेटली की फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. मुलांना कुठे न्यायचं, इथे जुनं असं काही आहे का, समोरच्या मोकळ्या प्लॉटवर बाग होणार होती तिचं काय झालं? मी लग्न होऊन चिंचवडगावात आले तेव्हा माझेही हेच प्रश्न होते. उत्तरं एकेक करून मिळत गेली. ती इथे एकत्र लिहिली आहेत.

पिंपरी-चिंचवडला इतिहास असा आहे का? हे तर कारखान्यांनंतर वसलेलं शहर ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि दर वेळी मला वाईट वाटतं. कारखाने आले ते गावांच्या शेतांवर, आणि ती गावं आजही जागच्या जागी आहेत. मोठ्या रस्त्यावरून एक वळण आत घ्या, दोन गल्ल्या ओलांडा. रस्ता अरुंद होतो, मारुतीचं देऊळ लागतं, पार लागतो, तालमीचा बोर्ड दिसतो. तुम्ही गावठाणात आलात. चिंचवड, पिंपरी, भोसरी, आकुर्डी, थेरगाव, सांगवी, दापोडी, चिखली, मोशी या प्रत्येकाचं स्वतःचं गावठाण आहे, ग्रामदैवत आहे आणि जत्राही आहे. चिंचवड मोरया गोसावींमुळे शिवकाळापासून महाराष्ट्रभर ठाऊक आहे. भोसरीचं जुनं नाव भोजापूर असल्याचं गावकरी सांगतात, आणि तिथल्या मोठमोठ्या पुरातन शिळांची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात आहे. दापोडीला एकेकाळी मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचा बंगला आणि वनस्पती उद्यान होतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण बागांचा विषय निघाला की मला आधी तीच बाग आठवते.

मग शहर म्हणून सुरुवात कधी झाली?

४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका स्थापन झाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. मोशी, चिखली, दिघी, चऱ्होली, रावेत अशी गावं १९९७ साली आत आली आणि हद्द एकदम दुपटीच्या आसपास गेली. १९७१च्या जनगणनेत लोकसंख्या लाखाच्या आत होती. २०११च्या जनगणनेत ती १७ लाख २७ हजारांवर गेली होती.

याच काळात आणखी एक संस्था काम करत होती, आणि बागांच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. कामगारांना रास्त दरात घरं मिळावीत म्हणून निगडी-आकुर्डीकडे सेक्टर पाडून वस्ती वसवण्यात आली. निगडी भागाला लोक आजही नुसतं ‘प्राधिकरण’ म्हणतात ते त्यामुळे. तिथे रस्ते रुंद आहेत, प्रत्येक सेक्टरला बागेची जागा आधीपासून राखलेली आहे आणि झाडं मोठी झाली आहेत. गावठाणांभोवती गुंठेवारीने वाढलेल्या वस्त्यांना ते भाग्य मिळालं नाही. एकाच शहरात पाच मिनिटांच्या अंतरावर इतका फरक का दिसतो, असं पुष्कळ जण विचारतात. एकीकडे आधी नकाशा झाला आणि मग घरं उभी राहिली. दुसरीकडे आधी घरं झाली आणि नकाशा मागून आला. प्राधिकरण २०२१ साली विसर्जित होऊन पीएमआरडीएत, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात, विलीन झालं. नाव मात्र लोकांच्या तोंडी तसंच आहे.

इथल्या गावांची नावं झाडांवरून पडली आहेत म्हणतात, खरं आहे?

बऱ्याच नावांत झाडं दिसतात खरी. चिंचवडच्या नावात चिंच आणि वड असल्याचं सांगतात. निगडी म्हणजे निर्गुडी. ओढ्याकाठी वाढणारं, निळसर-जांभळ्या तुऱ्यांचं हे झुडूप. सांधे दुखायला लागले की त्याचा पाला पाण्यात उकळून शेकायची पद्धत आहे. पिंपरी आणि तिन्ही पिंपळे, म्हणजे गुरव, निलख आणि सौदागर, पिंपळाच्या कुळातली. चऱ्होलीजवळची वडमुखवाडी तर नावातच वड घेऊन बसली आहे.

निगडीत राहणाऱ्या दहा जणांना मी निर्गुडी ओळखता येते का ते विचारलं. दोघींना आली. दोघीही साठीच्या पुढच्या होत्या. प्रत्येक गावच्या बागेत तिच्या नावाचं झाड लावावं आणि त्याला पाटी लावावी, असं मी जमेल तिथे सांगत असते. खर्च फारसा नाही, आणि मुलांना आपल्या पत्त्याचा अर्थ कळेल.

एकच बाग पाहायची असेल तर कुठली?

निगडीची दुर्गा टेकडी, आणि तीही सकाळी सहाला.

कागदोपत्री नाव दुर्गादेवी उद्यान आहे, बोलताना सगळे दुर्गा टेकडीच म्हणतात. ही रंगीत कारंजी आणि कापलेल्या हिरवळीची बाग नाही. अख्ख्या टेकडीवर झाडं लावून केलेलं हे वन-उद्यान आहे. पायवाटा वर-खाली जातात, मधेच सपाटी लागते, बाक लागतात. थंडीत फाटकातून आत शिरलं की हवा दोन अंशांनी बदलल्यासारखी वाटते. एका सपाटीवर हास्यक्लब चाललेला असतो. त्याच्या खालच्या वळणावर कानटोपी घातलेले आजोबा रोज त्याच बाकावर बसून चपलेतला खडा काढतात आणि पुन्हा चालू लागतात. कंपनीतून निवृत्त झालेले चार-सहा जण अजून पहिली पाळी आणि दुसरी पाळी अशीच वेळ मोजतात. या शहराचा खरा चेहरा पाहायचा तर इथे पाहावा. सोलापूर, लातूर, खानदेश, कोकण, मराठवाडा कुठून कुठून माणसं नोकरीला आली आणि इथलीच झाली. टेकडीवर सगळ्या बोली कानावर पडतात.

वरून शहर पाहताना एवढं लक्षात ठेवा की हा सगळा मूळचा कमी पावसाचा, गवताळ माळ आहे. दाट झाडी दिसते ती माणसांनी लावली, पाणी घालून जगवली.

लहान मुलांना घेऊन जायला?

पिंपळे गुरवचं राजमाता जिजाऊ उद्यान मुलांमध्ये ‘डायनासोर गार्डन’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. निगडीचं अप्पूघर हे तिकीट काढून जायचं, पाळण्यांचं ठिकाण आहे. चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळ सायन्स पार्क आहे. तिथे मुलं हाताने यंत्रं फिरवून पाहू शकतात, पावसाळी सुटीत फार उपयोगी पडतं. चिंचवडच्याच संभाजीनगर भागातल्या बहिणाबाई चौधरी प्राणीसंग्रहालयाला जुने लोक सर्पोद्यान म्हणतात. ते नूतनीकरणासाठी बराच काळ बंद होतं, म्हणून मुलांना कबूल करण्याआधी सुरू आहे का याची चौकशी करा.

बर्ड व्हॅलीत एवढा खोल खड्डा आणि पाणी कसं?

ती दगडाची खाण होती. आपल्या भागात जमिनीखाली काळा पाषाण आहे. शहर वाढू लागलं तशी खडी लागली आणि जागोजागी खाणी निघाल्या. काम संपल्यावर त्यांत पावसाचं पाणी साठलं. अशा खाणी मुलं बुडण्याच्या घटनांमुळे बदनाम असतात, किंवा राडारोडा टाकून बुजवल्या जातात. संभाजीनगरच्या खाणीला मात्र कठडा घालून, भोवती झाडं लावून बाग केली गेली. मला ही कल्पना फार आवडते. कड्याचा भाग नीट निरखून पाहा. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले दिसतात. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचं पठार तयार झालं त्याचा हा उभा छेद आहे. त्या मानाने आपलं गावठाण परवाचं.

नदीकाठी बसायला जागा आहे का?

थेरगावला पवनेच्या काठी केजूबाईच्या देवळाजवळ बंधारा आहे आणि तिथलं उद्यान ‘बोट क्लब’ म्हणून ओळखलं जातं. पाण्याचा फुगवटा असल्याने नदी तिथे रुंद दिसते. संध्याकाळी बगळे, पाणकावळे झाडांवर परततात. भोसरीचं तळं, म्हणजे सहल केंद्र, आणि प्राधिकरणातला गणेश तलाव या दोन जागाही आजूबाजूच्या लोकांच्या फार जिव्हाळ्याच्या आहेत.

शहराला तीन नद्या आहेत. पवना मधून वाहते, उत्तरेच्या कडेने इंद्रायणी आणि दक्षिणेला मुळा. पवना पुढे दापोडीपाशी मुळेला मिळते. आपण पाणी पितो ते मुख्यतः मावळातल्या पवना धरणाचं. ते नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उचललं जातं. धरणापासून थेट बंद नळातून पाणी आणण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ गोळीबार झाला आणि त्यात तीन आंदोलकांचे जीव गेले. बागेतला नळ सोडला की हे आठवावं असं मला मनापासून वाटतं.

रावेतच्या खाली हीच नदी शहरातून जाताना काळवंडते. उन्हाळ्यात जलपर्णीने पूर्ण झाकली जाते, लांबून पाहणाऱ्याला हिरवळ वाटावी इतकी. ती जलपर्णी सांडपाण्यातल्या खतावर पोसते. नुसती काढून भागत नाही, सांडपाणी थांबवावं लागतं.

दापोडीच्या जुन्या बागेची काय हकीकत आहे?

ही हकीकत शहरातल्या फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून लांबण लावते.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, १८१२ च्या सुमारास, पेशव्यांसाठी इंग्रजी धर्तीवर कवायती पलटणी उभ्या केल्या गेल्या. त्यांचा प्रमुख होता फोर्ड नावाचा इंग्रज अधिकारी आणि तळ होता दापोडीला. तिथे नदीकाठी त्याने मोठा बंगला बांधला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. पेशव्यांच्या पगारावरची ही पलटण दापोडीहून निघाली ती इंग्रजांना जाऊन मिळाली. पेशव्यांचे कारभारी मोरो दीक्षित आणि फोर्ड यांची मैत्री होती. दोघांपैकी जो वाचेल त्याने दुसऱ्याच्या कुटुंबाला सांभाळायचं, असं दोघांत ठरल्याचं त्या काळच्या इंग्रजी इतिहासात नोंदलं आहे. मोरो दीक्षित त्या दिवशी रणात पडले, आणि ज्या तोफेच्या गोळ्याने पडले ती तोफ फोर्डच्या पलटणीची होती.

पुढे पेशवाई गेली. १८२८ साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने दापोडीचा बंगला सरकारसाठी घेतला आणि त्याच्या आवारात वनस्पती उद्यान सुरू केलं. पावसाळ्यात गव्हर्नर मुंबई सोडून इथे मुक्कामाला येई. पुण्याकडचा मोठा साहेब दापोडीला राहतो, असा तो काळ. बाग मात्र नुसती शोभेची नव्हती. परदेशी बियाणं इथे रुजवून पाहत, फळझाडं, लाकडाची झाडं आणि औषधी वनस्पती वाढवत, त्यांची रोपं आणि बी इलाख्यात इतरत्र पाठवत. १८३०च्या दशकाच्या अखेरीस अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर या बागेचा अधीक्षक झाला. जुन्नरकडे हिवऱ्यालाही त्याने औषधी वनस्पतींची लागवड केली आणि सरकारी औषधसाठ्याला माल पुरवला. सह्याद्रीतली जंगलं बेसुमार तुटत आहेत आणि त्याचा ओढ्या-नद्यांच्या पाण्यावर परिणाम होतो आहे, हे तो सरकारला लिहून कळवत राहिला. १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून त्याचीच नेमणूक झाली. म्हणजे आपल्याकडच्या वनखात्याच्या आरंभाचा एक धागा दापोडीच्या बागेत आहे.

याच गिब्सनने १८४७ ते १८५० या काळात एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून बागेतल्या आणि रानातल्या वनस्पतींची रंगीत चित्रं काढून घेतली. दीडशेहून अधिक चित्रं आहेत. दापोडीचा इंग्रजी उच्चार ‘दापुरी’ असा होता, म्हणून ती ‘दापुरी चित्रं’ म्हणून ओळखली जातात. आज ती स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. ज्या हाताने ती काढली त्याचं नाव मात्र कुठे लिहिलेलं नाही.

१८६०च्या दशकात गव्हर्नरासाठी गणेशखिंडीत नवं निवासस्थान बांधायला घेतलं. आज तिथे पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. मग दापोडीचा बंगला विकून टाकला गेला. वनस्पती उद्यानही पुढे, १८७३ साली, गणेशखिंडीत सुरू झालं. दापोडीत आज त्या बागेचं काहीही दिसत नाही. मेट्रो दापोडी स्थानकात थांबते तेव्हा मी दर वेळी खिडकीतून खाली पाहते. एखाद्या चौकात त्या चित्रांच्या प्रती लावून छोटीशी बाग करता येईल. झाडं तीच, कारण त्यांतली कितीतरी आपल्या मावळातलीच आहेत.

चिंचवडगावात नेमकं काय पाहावं?

पवनेच्या काठावर मोरया गोसावींची समाधी आहे, गावात मंगलमूर्ती वाडा आहे. मोरगावच्या मयूरेश्वराचे निस्सीम भक्त असलेले मोरया गोसावी इथे येऊन राहिले. कऱ्हा नदीत त्यांना मूर्ती सापडल्याची आणि ती त्यांनी चिंचवडला आणल्याची कथा घरोघरी सांगतात. भाद्रपद आणि माघ या दोन महिन्यांत चिंचवडहून मोरगावला पालखी जाते. गणपतीबाप्पाला निरोप देताना आपण ‘मोरया’ म्हणतो ते याच मोरया गोसावींवरून, अशी श्रद्धा आहे. समाधीवरच्या देवळाच्या शिलालेखात बांधकाम शके १५८०, म्हणजे १६५८ साली कार्तिकात सुरू होऊन पुढच्या आषाढात पुरं झाल्याचं कोरलेलं आहे. देवळाचा गाभारा बसका, दगडी आणि थंड आहे. एप्रिलच्या दुपारी अनवाणी पायांना तो गारवा लागला की घरी जावंसं वाटत नाही.

धरणातून पाणी सोडलं की पवना पायऱ्या चढून देवळात शिरते. ओसरल्यावर घाटाच्या भिंतीवर चिखलाची एक सरळ रेघ राहते. यंदा पाणी कुठवर आलं होतं ते गावातली मुलं त्या रेघेला हात लावून दाखवतात. कुणाच्या कमरेला लागते, कुणाच्या डोक्यावरून जाते. नदीकाठी नवी बांधकामं करणाऱ्यांनी आधी ही रेघ येऊन पाहावी.

आणि चापेकरांचा वाडा?

तोही चिंचवडगावातच, समाधी मंदिरापासून चालत जाता येतं. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ. वडील हरिपंत कीर्तनकार, मुलं त्यांच्या मागे साथीला उभी राहत. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. ती रोखण्याच्या नावाखाली घरांच्या झडत्या सुरू झाल्या, सोजिर थेट माजघरात आणि देवघरात शिरू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून प्लेग कमिशनर रँड परत येत असताना चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. जागा होती गणेशखिंडीचा रस्ता. समारंभ होता तो गव्हर्नरच्या निवासस्थानी, दापोडी सोडून जे गणेशखिंडीत नेलं होतं त्याच ठिकाणी. आयर्स्ट हा दुसरा अधिकारी जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मेला.

दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात आठ तारखेला वासुदेव, दहाला त्यांचे साथीदार महादेव रानडे आणि बाराला बाळकृष्ण. पाच दिवसांत तीन फाशी. मी वाड्यात मुलांना घेऊन जाते तेव्हा या तारखा सांगते आणि गप्प राहते. घरी थांबलेल्या त्या तीन सुनांबद्दल मग मुलंच विचारतात.

वाडा आता स्मारक म्हणून जपला आहे. चापेकर चौकात पुतळे आहेत. पूल आणि वाहनांच्या गर्दीत तिथे दोन मिनिटं उभं राहणं कठीण जातं, म्हणून वाड्यातच जा.

भक्ती-शक्ती चौकातल्या शिल्पाचा अर्थ काय?

निगडीच्या भक्ती-शक्ती उद्यानात तुकाराम महाराज आणि शिवाजी महाराज यांच्या भेटीचं समूहशिल्प आहे. एक भक्ती, दुसरी शक्ती. जागा योग्य निवडली आहे, कारण देहू इथून जवळ आहे आणि तुकोबांची पालखी याच रस्त्याने येते. उद्यानातला राष्ट्रध्वजाचा खांब १०७ मीटर उंच आहे, तो खूप लांबून दिसतो.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून पालखी निघते, दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. हा पालखी सोहळा तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केला. कारखाने, प्राधिकरण, मेट्रो हे सगळं येण्याआधीपासून आकुर्डीची ओळख पालखीचं गाव अशी आहे. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून वडमुखवाडीच्या थोरल्या पादुकांवरून दिघीमार्गे पुण्याला जाते. म्हणजे दोन्ही पालख्या आपल्याच शहरातून जातात.

कारखान्यांच्या आवारात एवढी झाडं कशी?

पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली. देशातला सरकारी पेनिसिलिन कारखाना तो हाच. त्यापाठोपाठ इतर उद्योग आले. एचए कॉलनीतले जुने वृक्ष पाहिले तर पहिल्या पिढीने घरांसोबत सावलीही वाढवली, हे कळतं. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, कारखाना उभारताना सुमंत मूळगावकर यांनी माळावर आधी झाडं लावायला घेतली आणि तळं केलं. ते तळं आज सुमंत सरोवर म्हणून ओळखलं जातं, तिथे पाणपक्षी उतरतात. ते कारखान्याच्या आत असल्याने येता-जाता पाहता येत नाही.

पिंपरी कॅम्पचाही उल्लेख केला पाहिजे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी इथे वसली. सगळं मागे टाकून आलेल्या माणसांनी बाजारपेठ उभी केली. कॅम्पात खरेदीला जाल तेव्हा ‘कॅम्प’ हा शब्द कुठून आला ते मुलांना सांगा.

वीरगळ म्हणजे काय, आणि तो ओळखायचा कसा?

लढाईत किंवा गाई-गुरं वाचवताना मेलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा. पवना-इंद्रायणीकाठच्या जुन्या गावांत देवळाच्या मागे, पाराच्या कडेला अशा शिळा दिसतात. खालून वर वाचायची. सगळ्यांत खाली लढाई किंवा पडलेला वीर. मधे त्याला अप्सरा स्वर्गात नेत आहेत. वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर ही कीर्ती टिको. शेंदराच्या थराखाली किंवा नव्या ऑइलपेंटखाली चित्रं बुजलेली असली तरी बोटांनी चाचपली की लागतात. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की अशा शिळा भरावात जाण्याचा धोका असतो. तुमच्या गावात काम सुरू असेल तर विश्वस्तांशी आधी प्रेमाने बोला. बहुतेक वेळा त्यांना माहीतच नसतं आणि कळलं की ते स्वतः जागा करून देतात.

सोसायटीच्या बागेत कोणती झाडं लावावीत?

या मातीतली. बहावा, पांगारा, काटेसावर, कांचन, करंज, कडुनिंब, आपटा, आणि जागा मोठी असेल तर उंबर. काटेसावर आणि पांगारा उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतात. तेव्हा मैना, बुलबुल, शिंजीर असे पक्षी नुसते तुटून पडतात. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळाधमक होतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, रेन ट्री आणि गिरिपुष्प अमेरिका खंडातले. ती तोडा असं मी मुळीच म्हणत नाही, सावली देतात. नवं लावताना मात्र आपलं लावा. वड-पिंपळ मात्र इमारतीपासून लांब, मैदानाच्या कडेला.

अडचणीचं झाड आम्ही आपलंआपण तोडू शकतो का?

नाही. जागा तुमची असली तरी नाही. १९७५च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण व जतन कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, छाटणीलासुद्धा. महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करायचा. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज’ वृक्षाचा दर्जा दिला. झाड तोडायची वेळ आलीच तर त्याच्या वयाइतकी झाडं लावण्याची तरतूद आहे. ६० वर्षांच्या चिंचेपायी ६० रोपं. झाडाला खिळे ठोकून जाहिराती लावलेल्या दिसल्या किंवा बुंध्याभोवती काँक्रीट ओतलेलं दिसलं, तर महापालिकेच्या ‘सारथी’ या तक्रार सेवेवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

आमच्याजवळ बागेचं आरक्षण आहे म्हणतात, पण वर्षानुवर्षं प्लॉट तसाच पडून आहे. काय करता येईल?

आरक्षण म्हणजे विकास आराखड्यात ती जागा बागेसाठी राखलेली असणं. जागा ताब्यात येणं ही त्याच्या पुढची पायरी, आणि गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते. मालकाला मोबदला रोख द्यायचा की टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, यावर वर्षं जातात. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि मुदतीत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. कितीतरी बागा अशा कागदावरच संपतात.

म्हणून आधी नगररचना विभागातून आराखड्याचा तुमच्या भागाचा नकाशा मिळवा, आरक्षणाचा क्रमांक पाहा. मग माहिती अधिकारात तीन गोष्टी विचारा: जागा ताब्यात आहे का, कलम १२७ची नोटीस आली आहे का, आणि चालू अंदाजपत्रकात तरतूद किती? अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. एकट्याने न जाता चार-पाच सोसायट्यांनी मिळून जा. आणि हे सगळं चालू असताना त्या प्लॉटवर कचरा पडू देऊ नका. एकदा कचराकुंडी झाली की लोकांच्या मनातली बाग पुसली जाते.

बागांच्या वेळा काय असतात?

बहुतेक बागा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या, दुपारी बंद. फाटकावर पाटी असते.

शहराच्या जरा बाहेर, अर्ध्या दिवसात होईल असं काही?

देहूरोडजवळ शेलारवाडीच्या डोंगरात घोरावडेश्वराची लेणी आहेत. मूळची बौद्ध लेणी, पुढे तिथे महादेवाची स्थापना झाली, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. तुकोबा एकांतासाठी ज्या डोंगरांवर जात त्यांत भंडारा आणि भामचंद्रासोबत याचंही नाव घेतात. खाली देहूरोडला धम्मभूमी आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी.

लोकलने बेगडेवाडी किंवा देहूरोडला उतरायचं. रस्त्याने यायचं तर डोंगर जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतच आहे. पायऱ्या आहेत, पण वर सावली कमी. सकाळी लवकर चढा, पाण्याची बाटली घ्या आणि रिकामी झाली की खाली घेऊन या. उतरताना पूर्वेकडे पाहिलं तर निगडीच्या झेंड्याचा खांब दिसतो. त्याच्या अंदाजाने घर कुठल्या बाजूला ते मुलांना शोधू द्या.